फिशटँकचे छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे दोन फुटी टाकी असून तीत निऑन टेट्रा आणि एंजल मासे आहेत. मोबाईलने फोटो काढला की माशांपेक्षा खिडकीचे ग्रिल आणि माझा स्वतःचा शर्टच अधिक ठळक दिसतो. चांगला कॅमेरा घेतल्यास ही अडचण दूर होईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : होणार नाही. प्रतिबिंब काचेवर पडलेले असते आणि महागडा कॅमेरा ते उलट अधिक रेखीव टिपतो. खोलीतला उजेड टाकीतल्या उजेडाच्या बरोबरीचा किंवा त्याहून जास्त असला की प्रतिबिंब उठून दिसते. म्हणून कॅमेऱ्याऐवजी आधी उजेडाची व्यवस्था बदलावी. रात्री पडदे ओढून, ट्यूबलाइट आणि टीव्ही बंद करून केवळ टाकीवरचा दिवा चालू ठेवा आणि गडद रंगाचा, शक्यतो काळा कपडा अंगात घाला. मुंबईत समोरच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा रात्रभर जळत असतो आणि नेमका तोच काचेवर उमटतो, तेव्हा पातळ पडद्यावर एखादी जाड चादर टाकावी लागते. त्यानंतरही काही दिसत राहिले, तर मोबाईल काचेला जवळजवळ टेकवून धरा किंवा लेन्सभोवती काळ्या कापडाचा आडोसा करा. कॅमेरा असेल, तर लेन्सवर बसणारे मऊ रबरी हूड काचेला टेकवावे. त्याने प्रतिबिंबही अडते आणि हातही स्थिर राहतो.

दिवा मात्र फोटोसाठी आयत्या वेळी लावू नका, संध्याकाळपासूनच चालू ठेवा. निऑन टेट्राची निळी पट्टी रंगद्रव्याची नसून त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे दिसते. अंधारात ती फिकी पडते आणि दिवा लावल्यावर पूर्ववत होण्यास थोडा वेळ लागतो. नुकत्याच लावलेल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत हे मासे आजारी असल्यासारखे दिसतात, ते यामुळेच.

आणखी एक चूक जवळजवळ सर्वांकडून होते, ती म्हणजे तिरक्या कोनातून फोटो काढण्याची. पाण्याचा वक्रीभवनांक (त्यातून जाताना प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा) सुमारे १.३३ आणि काचेचा सुमारे १.५ असल्याने तिरका येणारा किरण वाकतो, त्यातील निरनिराळे रंग किंचित वेगवेगळ्या प्रमाणात वाकतात आणि माशाच्या कडेला रंगीत झालर येऊन सगळेच चित्र पुसट होते. लेन्स काचेला समांतर ठेवल्यास हा दोष बहुतांशी नाहीसा होतो. मासा कोपऱ्यात गेला, तर कॅमेरा वळवू नका. स्वतःच तितके बाजूला सरका.

प्रश्न : प्रतिबिंब घालवण्यासाठी पोलरायझर फिल्टर विकत घ्यावा का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नको. पोलरायझर म्हणजे चकाकी कापणारी, लेन्सवर बसवायची काच. काचेवर लंब असलेल्या रेषेपासून सुमारे ५६ अंशांच्या कोनात पाहिले, तरच तो काचेवरचे प्रतिबिंब पुरेपूर कापतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे आपल्याला तर समोरून फोटो काढायचा आहे. शिवाय तो निम्म्याहून अधिक प्रकाश खातो, आणि टाकीच्या फोटोत आधीच प्रकाशाची टंचाई असते.

प्रश्न : गप्पी आणि टेट्रा क्षणभरही थांबत नाहीत, त्यामुळे शंभरातले नव्वद फोटो हललेले येतात. फ्लॅश वापरला, तर माशांना इजा होईल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : लहान चपळ माशांसाठी सेकंदाच्या १/२०० किंवा त्याहून कमी वेळाचा शटर (कॅमेऱ्यात प्रकाश आत येऊ देण्याचा काळ) ठेवावा लागतो, एंजलसारखा संथ मासा १/१०० मध्येही भागवून नेतो. इतक्या कमी वेळात पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत निःसंकोच वाढवा, कारण दाणेदार फोटो थोडाफार सुधारता येतो, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे टाकीवर आणखी एक एलईडी दिवा तात्पुरता ठेवणे; फक्त तो पाण्यात घसरणार नाही अशा रीतीने, काचेच्या झाकणावर घट्ट बसवा आणि वायर ओल्या हाताने हाताळू नका.

माशाच्या मागे कॅमेरा फिरवत राहण्यापेक्षा त्याची ये-जा पाहावी. बहुतेक माशांच्या ठरलेल्या वाटा असतात; एखाद्या पानाजवळून मासा पुन्हा पुन्हा जात असेल, तर त्या पानावर फोकस बांधून ठेवावा आणि मासा आला की लागोपाठ पाच-सहा फोटो घ्यावेत. मोबाईलच्या पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच कायम राहतात. मासा पूर्ण आडवा दिसावा आणि त्याचा डोळा स्पष्ट असावा; शेपटी थोडी पुसट झाली तरी चालते, डोळा पुसट झालेला फोटो सरळ काढून टाकावा. खाणे देण्याच्या नेहमीच्या वेळेआधीची काही मिनिटे सर्वांत सोयीची, कारण तेव्हा मासे आपण होऊन पुढच्या काचेशी गोळा होतात. खाणे टाकल्यावर मात्र त्याचे कण सगळीकडे तरंगतात.

फ्लॅशबद्दल असे, की बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि अंधाऱ्या खोलीत अचानक लखलखाट झाला, तर बुजरा मासा दचकून काचेवर आपटू शकतो. मोबाईलचा किंवा कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश काचेवरून थेट लेन्समध्येच परत येतो, म्हणून तो तसाही निरुपयोगी. कॅमेऱ्यापासून वेगळा फ्लॅश असेल, तर तो टाकीच्या वरून खाली रोखावा आणि टाकीचा दिवा चालूच ठेवावा. नवीन आणलेल्या माशांवर तो वापरूच नये. क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीतून आलेला मासा पहिले काही दिवस भेदरलेला आणि फिकटच असतो, त्यामुळे त्याच्या फोटोची घाई करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात. मोबाईल बिघडला आहे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : मोबाईल ठीक आहे, दिवा लुकलुकत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण मोबाईल चित्र ओळीओळीने टिपत असल्याने त्याला कळते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवल्यास पट्टे सहसा जातात. चपळ माशांना हा वेग पुरत नाही, त्यामुळे चांगल्या अ‍ॅडाप्टरवर चालणारा, न लुकलुकणारा दिवा घेणेच श्रेयस्कर. दिव्याला डिमर असेल, तर तो पूर्ण तेजावर ठेवून पाहा. मंद केलेल्या दिव्यात हा दोष अनेकदा वाढतो.

प्रश्न : तारापोरवाला मत्स्यालयातल्या बोगद्यात काढलेले माझे जुने फोटो वेडेवाकडे आले आहेत. असे का व्हावे? (एक वाचक, परळ)

उत्तर : मरीन ड्राइव्हवरचे हे मत्स्यालय १९५१ सालचे, २०१५ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा तिथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला. वक्र अ‍ॅक्रिलिकमागचे पाणी भिंगासारखे वागते, त्यामुळे मासा डोक्यावर असताना फोटो बरा येतो आणि बाजूला जाऊ लागला की त्याचा आकार बिघडतो. अशा ठिकाणी लेन्स पृष्ठभागाच्या अगदी जवळ, त्या जागेच्या वक्रतेला काटकोनात धरून, मासा नेमका समोर येईपर्यंत थांबावे. रबरी हूड नसेल, तर लेन्स टेकवू नये. अ‍ॅक्रिलिकवर चटकन ओरखडे पडतात. सार्वजनिक मत्स्यालयात फ्लॅश तर वापरूच नये.

प्रश्न : वनस्पतींसह संपूर्ण टाकीचा फोटो हवा आहे, पण पाण्यात नेहमी कण तरंगताना दिसतात. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : पाणी बदलल्याबरोबर फोटो काढू नका, कारण नळाच्या ताज्या पाण्यातले बारीक बुडबुडे काचेवर आणि पानांवर चिकटतात. पाणी आदल्या दिवशी, नेहमीप्रमाणे क्लोरीन घालवून बदला, आतले शेवाळ त्याच वेळी खरवडा, बाहेरची काच कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि काच पुसण्याचा फवारा टाकीच्या आसपास वापरू नका. फोटोआधी काही मिनिटे फिल्टर आणि हवेचा पंप बंद केला की कण खाली बसतात आणि पाने स्थिर होतात. कॅमेरा ट्रायपॉडवर टाकीच्या मध्यउंचीला ठेवून खोली परवानगी देईल तितके मागे जा आणि मग झूम करा; जवळून रुंद कोनात काढल्यास टाकीच्या कडा वाकतात. निसर्गदृश्यासारख्या टाक्या रचणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी अशा टाक्यांचे फोटो मोठ्या आकाराच्या फिल्मवर घेतले, तेही प्रकाशासाठी भरपूर तयारी करून; आपल्याला निदान मागच्या काचेला साधा काळा किंवा पांढरा कागद तरी लावता येईल, म्हणजे भिंतीवरची वायर आणि प्लग दिसणार नाहीत. काम आटोपताच फिल्टर आणि पंप पुन्हा चालू करा, विशेषतः टाकीत माशांची गर्दी असेल तर, कारण उकाड्यात कोमट झालेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.