जर्मनीला जाऊ का, असं विचारणाऱ्या कुडाळच्या मुलीला

तुझा निरोप असा होता: "ताई, माझा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं वॉर्डात काढलीत, जर्मन भाषेची बी-वन ही पातळी चालू आहे. पण आई रोज मोबाइलवर काहीतरी बघते आणि म्हणते, तिकडे बाहेरून आलेले लोक फार झालेत, बायकांना संध्याकाळी बाहेर पडायची सोय नाही. शिवाय आपण गेलो की त्यांच्या लेखी आपणही बाहेरचेच. जाऊ की नको?"

मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं नाही. ईस्टरच्या सुट्टीत जर्मनीहून मुलीला घेऊन देवगडला आले आहे. पडवीत आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललंय आणि मी नुसती गवत पसरून देते. पण तुझ्या आईचं वाक्य मी याच पडवीत लहानपणापासून ऐकत आले. तेव्हा त्यात जर्मनी नव्हती, एवढाच फरक.

व्हिसा कुठला, पगार किती, हे मी सोडते. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला (तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर आपल्या सावंतवाडीचेच), तेव्हापासून ती माहिती गावोगाव पोचली आहे.

तुझ्या नावाबद्दल मात्र कुठलंच पत्रक सांगत नाही. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माझं नाव आधी. लग्नानंतरच्या पासपोर्टात बाबांच्या जागी नवरा आला आणि आडनावही बदललं. माझा डिप्लोमा जिथे तपासायचा होता, तिथल्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "या तिघी कोण?" आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं आणि लग्नानंतर नवऱ्याचं होतं, हे मी मोडक्या जर्मनमध्ये अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं आणि प्रतिज्ञापत्र मागितलं, अपोस्टिलसकट, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या सरकारी शिक्क्यासकट. मग विषयवार तास. बालरोग किती तास शिकलात, त्यातले वर्गात किती, वॉर्डात किती, सगळं कॉलेजच्या लेटरहेडवर हवं. मी २००६ ला पास झालेली, शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त, रजिस्टर सापडेना. बाबा कणकवलीहून कोकणकन्या धरून तीन वेळा मुंबईला गेले, त्यातल्या एका वेळी शिक्का उलटा पडला म्हणून. तेवढी वर्षं मी मदतनीस म्हणून म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होते. काम हलकं नव्हे, पण सात वर्षं सलाईन लावलेल्या हाताला सुई धरायची परवानगी नव्हती, हे मला अजून सलतं. तेव्हा तुझे कागद आत्ताच एका नावावर आण, तासांचा तक्ता कॉलेजकडून आजच घे. आणि मध्ये लग्न झालं तर नाव बदलू नकोस. सासरचे काय म्हणायचं ते म्हणू देत.

आता तुझ्या आईच्या प्रश्नाकडे येते.

३१ डिसेंबर २०१५ ची रात्र. मी दुपारपाळी संपवून गाडी बदलायला साडेदहाच्या सुमारास कोलोनच्या मुख्य स्टेशनात उतरले. कॅथेड्रलच्या बाजूला भयंकर गर्दी होती, फटाके माणसांच्या अंगावर उडत होते. त्या गर्दीतून हात आले. किती आणि कोणाचे ते मला सांगता येणार नाही. कोट जाड होता. मी गाडीत शिरले, बसायला जागा असून घरापर्यंत उभी राहिले. नवऱ्याला चौथ्या दिवशी सांगितलं, तेही वर्तमानपत्रात सगळं आल्यावर.

त्या रात्रीबद्दल तुझ्या आईनं मोबाइलवर पाहिलेलं सगळं खोटं नाही. हजाराहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यातल्या शेकडो लैंगिक अत्याचाराच्या. संशयितांत बरेचसे उत्तर आफ्रिकेतून आलेले होते, त्यात आश्रय मागणारेही होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी पत्रक काढलं की उत्सव बहुतांशी शांततेत पार पडला. आठवड्यात पोलीसप्रमुखांना पदावरून हटवलं. महापौर हेन्रिएट रेकर यांनी बायकांना अनोळखी माणसांपासून हातभर अंतर ठेवायला सांगितलं, त्यावर बायका भडकल्या आणि बरोबर भडकल्या. लैंगिक गुन्ह्यासाठी शेवटी शिक्षा झाली ती अगदी मोजक्यांना.

मी तक्रार दिली नाही.

याचं कारण मी दहा वर्षं वेगवेगळं सांगत आलेय. भाषा येत नव्हती, चेहरे पाहिले नव्हते, रजा मिळाली नसती. खरं कारण असं की त्या आठवड्यात माझा नवरा ट्राममध्ये बसला आणि शेजारची बाई पर्स छातीशी धरून उठून गेली. तो लांज्याचा, सावळा, दाढी राखणारा. त्यानं दाढी काढली. ऑफिसचं ओळखपत्र कोटाच्या वर, दिसेल असं घालू लागला, अगदी रविवारी मुलीला बागेत नेतानाही. मला वाटलं, मी पोलिसांत गेले तर माझी तक्रार त्याच्याच अंगावर पडेल. म्हणून गप्प बसले. त्यात शहाणपण किती आणि भ्याडपणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळींत तेव्हा एकच सूर होता: "ते लोक तसलेच, आपण तसले नाही." पण त्याच वर्षी मार्चमध्ये लाइपझिगच्या एका प्राध्यापिकेनं एका भारतीय मुलाला इंटर्नशिप नाकारताना भारतातल्या बलात्कारांचं कारण दिल्याचं प्रकरण गाजलं होतं. तिच्याकडे मुली काम करतात म्हणे. जर्मनीचे दिल्लीतले राजदूत मिखाएल श्टाइनर यांना तिला जाहीर पत्र लिहून समज द्यावी लागली, तिनं माफीही मागितली. तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. नऊ महिन्यांत आपण तेच दुसऱ्यांना म्हणू लागलो. आमच्या गटात राजापूरची एक कोकणी मुसलमान बाई होती. तिची मराठी माझ्यापेक्षा गोड आणि डोक्यावर ओढणी. ती आली की ते बोलणं थांबायचं. पुढे ती यायची थांबली. मी तिला फोन केला नाही.

आता देवगड. आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार असतात हे तुला सांगायला नको. दिवाळीनंतर येतात, पाऊस पडायच्या आत जातात. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात राहतात, वानर हाकलतात, रात्री बॅटरी मारत फिरतात. माझी आई म्हणायची, "सांजची बागेतल्या वाटेन येव नको गो, थंय नेपाळी आसत." मी नाही यायचे. मी रस्त्यानं, वाडीतून यायचे, सगळी आपली घरं असलेल्या वाटेनं. त्या वाटेवर, मी तेरा वर्षांची असताना, ज्या माणसानं मला अडवलं तो नात्यानं काका. त्यानं काय केलं ते इथे लिहीत नाही. घरी मी सांगितलं नाही, कारण आमच्या दोन घरांची वहिवाट एक होती, विहीर एक होती आणि गणपतीत आरतीला तोच टाळ धरायचा. नेपाळी सगळे देवमाणसं होते असंही मी म्हणणार नाही. एका हंगामात एक जण मालकाचे पैसे घेऊन गेला, ते गाव अजून सांगतं. काकाचं कोणी सांगत नाही, कारण मीच सांगितलं नाही.

म्हणून "बाहेरच्यांमुळे बायका असुरक्षित" असं कोणी म्हटलं की मला राग येतो आणि "बाहेरच्यांचं काहीच चुकत नाही" म्हटलं तरी येतो. दोन्ही बोलणाऱ्यांना माझ्याकडून एकच हवं असतं: मी त्यांना सोयीचं तेवढंच सांगावं.

कायद्याचं थोडं सांगते, कारण तुला ते कामाला येईल. कोलोननंतर जुलै २०१६ मध्ये जर्मन संसदेनं "नाही म्हणजे नाही" हा नियम कायद्यात घातला. त्याआधी बाईनं नुसतं नाही म्हणणं पुरत नसे, बळजबरी किंवा धमकी सिद्ध करावी लागे, आणि गर्दीत अंगाला हात लावणं बरेचदा गुन्ह्यात बसतच नसे. आपल्याकडे दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालामागून, २०१३ मध्येच कायद्यात लिहिलं गेलं की बाईनं झटापट केली नाही म्हणजे तिची संमती होती असं धरायचं नाही. कागदावर आपण तीन वर्षं पुढे होतो. पण नवऱ्यानं केलेला बलात्कार तिथे १९९७ पासून गुन्हा आहे. इथे २०२४ ला नवी न्याय संहिता आली, तरी अठरा वर्षांवरच्या बायकोला त्यातून वगळलेलंच आहे. तिकडचे लोक आपल्या संस्कृतीबद्दल बोलतील तेव्हा ही दोन्ही सालं तुझ्याजवळ असू देत.

आणि बोलतील. मुलीच्या चौथीत, २०१९ ला, पुढची शाळा कुठली याची शिफारस यायची होती. गणितात ती वर्गात पहिल्या दोघांत. बाईंनी गिम्नाझियमऐवजी (तिथून थेट विद्यापीठाची वाट) रेआलशूलं (त्याखालची, मधली शाळा) लिहिलं, घरी जर्मन बोलत नाही म्हणून. वर मला हळुवार आवाजात विचारलं, "तुमच्याकडे मुलींना पुढे शिकू देतात ना?" मी ज्या कोकणातली, तिथल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये बायकांचं विद्यापीठ काढलं, हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही. क्रियापद कुठे ठेवायचं यातच अडकले. मान हलवून आले. आणि ऐक, आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नव्हती! नाही म्हटलं असतं तर मुलगी गिम्नाझियमला गेली असती. हे मला दोन वर्षांनी एका तुर्की शेजारणीनं सांगितलं. मुलगी आता सोळाची आहे, आबिटूर, म्हणजे विद्यापीठात जायची शालान्त परीक्षा, करणारच आहे, फक्त वळसा घालून. ती विसरली, मी नाही. तुला मूल झालं तर शाळेतल्या प्रत्येक कागदावर "हे बंधनकारक आहे का" एवढंच विचार. ते वाक्य आधी पाठ कर.

एकटेपणाबद्दल तू विचारलंस. असतो. पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर वाईट जातो, चार वाजता दिवे लावावे लागतात. कामाला लागलं की सरतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्त्स स्थलांतराबद्दल बोलताना म्हणाले की शहरांच्या चित्रात अजून ही अडचण दिसते. म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाले, तुमच्या मुलींना विचारा. बर्लिनमध्ये त्यांच्या पक्षाच्या कचेरीसमोर हजारो लोक जमले, "आम्हीच त्या मुली" म्हणत. मग त्यांनी खुलासा केला की ज्यांना राहायचा हक्क नाही, जे काम करत नाहीत, नियम पाळत नाहीत, त्यांच्याबद्दल ते बोलत होते. मी घरी मुलीला खरंच विचारलं. ती म्हणाली, "कोलोनच्या एबर्टप्लात्झ चौकात रात्री मी एकटी उतरत नाही, हे खरं आहे. पण बाबांकडे बोट दाखवून कोणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही." मला तिचा हेवा वाटला. माझ्या तिशीत मला हे दोन वेगळे करता आले नव्हते.

तर जा. कोणाचाही हात लागला तरी ११० फिरव. तो अरब असो, जर्मन डॉक्टर असो, आपल्या मंडळातला मराठी असो. बोलायला कोणी हवं असेल तर ११६ ०१६, बायकांसाठी, चोवीस तास, फुकट. तुझ्या तक्रारीचा कोणी झेंडा करील, कोणी ती दाबायला बघेल. तरी दे. मी दोनदा दिली नाही आणि दोन्ही वेळा कारणं चांगली होती.

काका अजून पेट्या भरायला येतो. परवा आला तेव्हा माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाला. मी तिला आत हाक मारली. तिनं कारण विचारलं, मी पाणी हवं होतं म्हटलं. आई तिला आजही सांगते, बागेकडे जाव नको, आणि मी शेजारी बसून ऐकते. आज रात्री मुलीला सांगणार आहे, मग आईला. तुला आधी लिहिलं, कारण तुझा चेहरा मी पाहिलेला नाही.

तुझ्या आईला हे वाचून दाखव. काकाचा भाग गाळू नकोस.