वॉशिंग मशीन कोणतं घ्यावं आणि वीज अचानक वाढली तर ते कसं वाचवावं?

कंपनीच्या नावापेक्षा आधी दोन गोष्टी विचारा: सर्व्हिस सेंटर जवळ आहे का, आणि कंट्रोल बोर्डवर (मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर) वॉरंटी किती? ‘मोटरवर 10 वर्षं’ हे वाचून भुलू नका. मोटर सहसा टिकते, जळतो तो बोर्ड, आणि त्याचाच खर्च झोंबतो. वीज फारच बेभरवशाची असेल तर साधं सेमी-ऑटोमॅटिक खुशाल घ्या, त्यात जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक्स फारसं नसतंच.

आता मुख्य मुद्दा. स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर या वेगळ्या वस्तू आहेत. व्होल्टेज सावकाश वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर. क्षणार्धात येणारा झटका मात्र त्याच्या हाती लागत नाही. तो सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर नावाचा भाग झेलतो. शर्टाच्या बटणाएवढी ती गोल चकती प्रत्येक झटक्याला थोडी झिजते, म्हणून प्रोटेक्टरवरचा दिवा विझला की तो बदलाच. मुख्य म्हणजे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण बहुतेक प्रोटेक्टर त्याशिवाय नीट काम करत नाहीत. पाणी तापवणारा हीटर असलेलं मशीन सुमारे 2000 वॅट ओढतं, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि विजा कडाडू लागल्या की सरळ प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.