ऑक्सिजन ‘धातू’ कसा?

प्रश्न असा आहे: ताऱ्यांवरच्या एका मराठी लेखात कार्बन आणि ऑक्सिजन यांची गणना ‘धातूं’मध्ये केली आहे. ही भाषांतरातली चूक समजायची का?

चूक नाही. हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या झाडून सगळ्या मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ धातूच म्हणतात. महास्फोटातून ही दोन आणि किंचित लिथियम एवढंच निघालं. बाकीचं जवळजवळ सगळं नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत घडलं. सूर्याच्या वस्तुमानात असे धातू दीड टक्क्याच्या आसपास आहेत. मराठीला हा अर्थ जड जाऊ नये. आयुर्वेदात रस, रक्त, मांस हे धातूच आहेत, आणि व्याकरणात क्रियापदाचं मूळ रूपही धातूच.

मात्र लिहिताना एक काळजी घ्यावी. ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या त्याच्या प्रकाशात, लोहाच्या रेषा भरपूर आणि मोजायला सोयीच्या, त्यामुळे पुष्कळदा मोजतात लोह आणि लिहितात ‘धातूंचं प्रमाण’. या सैलपणात नेमका इतिहास हरवतो.

आपला स्वातीचा तारा घ्या. सुमारे ३७ प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारीच. त्याच्यात लोह सूर्याच्या साधारण एक तृतीयांश आहे, पण मॅग्नेशियम तितकं घटलेलं नाही. मॅग्नेशियम येतं ते प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटांतून. असे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो, आणि त्याला बराच काळ जावा लागतो. तेव्हा स्वाती ज्या वायूतून जन्मला, त्यात लोहाची ही उशिराची भर अजून पुरती पडलेली नव्हती. आकाशगंगेच्या तबकडीतल्या जुन्या पिढीशी त्याचं नातं जुळतं ते यावरून. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते: नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशात त्याच्या जन्मकाळाची नोंद आहे.

मॅग्नेशियम आणि लोह यांच्या याच गुणोत्तराचा उपयोग परके तारे ओळखायलाही होतो. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत एक लहान दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची वेगळी वस्ती, विलीन झाली, हे २०१८ मध्ये पुढे आलं. काही ताऱ्यांच्या वेगळ्या गतीवरून ते बाहेरचे असल्याचा संशय आला, आणि तेवढ्याच लोहाच्या इथल्या ताऱ्यांपेक्षा त्यांच्यात मॅग्नेशियम कमी भरलं, तेव्हा तो पक्का झाला.

धातू कमी म्हणजे तारा म्हातारा, असं सरळ गणितही मांडू नये. आकाशगंगेच्या मध्याकडे धातू भराभर वाढले, काठाकडे सावकाश.

म्हणून माझं मत: एकूण प्रमाण सांगायचं असेल तर ‘धातुप्रमाण’ लिहावं, आणि मोजलेलं लोह असेल तर लोहच म्हणावं.