आवडत्या मालिकेची बाजू मांडताना

पहिल्याच लेखात हॅरी पॉटर पुस्तकमालिकेच्या सातही भागांचा बचाव करू नकोस. एकच आक्षेप घे. नेहमीचा प्रश्न: कालचक्र (भूतकाळात परत नेणारं जादूचं साधन, टाइम-टर्नर) हाताशी होतं, मग मेलेल्या बाकीच्या पात्रांना का वाचवलं नाही?

आधी आक्षेप पूर्ण ताकदीने मांड, मग पुरावा दे. तिसऱ्या भागात (1999) हॅग्रिडच्या लाडक्या बकबीक या प्राण्याला मृत्युदंड होतो. 16व्या प्रकरणाच्या शेवटी कुऱ्हाडीचा आवाज आणि 17व्याच्या सुरुवातीला हॅग्रिडचा आक्रोश ऐकू येतो; बकबीक मेला असं वाटतं. 21व्या प्रकरणात हॅरी आणि हर्मायनी कालचक्राने मागे जाऊन बकबीकला सोडवतात, तेव्हा कळतं, कुऱ्हाड कुंपणावर बसली होती आणि तो आनंदाचा हंबरडा होता. म्हणजे जे घडलं ते बदललंच नाही, फक्त दुसऱ्या बाजूने दिसलं. हा मुद्दा सावकाश, निदान दोन परिच्छेदांत उलगड. लेखाचा जीव इथेच आहे.

नवखे इथेच चुकतात: चित्रपटातले खिडकीतून येणारे दगड पुरावा म्हणून देतात. पुस्तकात ते नाहीत. एकाने जरी हे दाखवलं तरी उरलेला लेख कोणी मनावर घेत नाही.

'पाचव्या भागात (2003) जादू मंत्रालयातली कालचक्रं फुटली' हे उत्तर अपुरं आहे. चौथ्या भागात ती शाबूत होती, त्याचं काय? ती उणीव सरळ मान्य कर, बाकीच्या बचावाला वजन येतं.

पान क्रमांक देऊ नकोस. आपल्या सोलापुरात कोणी मराठी अनुवाद वाचतो, कोणी इंग्रजी. पानं जुळत नाहीत. प्रकरण क्रमांक दे. अवतरण दोन ओळींचं पुरे. आणि लेखिकेच्या मुलाखती शेवटी ठेव. आधी पुस्तक बोलू दे.