सगळं ऑनलाइन फुकट मिळत असताना मुक्त विद्यापीठाची फी भरून बी.कॉम. करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला शिफ्टची नोकरी, बारावी कॉमर्सनंतर शिक्षण सुटलं, आता पदवी हवी आहे, इंग्रजीची धास्ती आहे, आणि मित्र म्हणतो की स्वयमवर सगळं फुकट असताना फी कशाला घालवतोस. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो आणि बरीच वर्षं रविवारी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे शिकवणारा मार्गदर्शक, म्हणून जातो. माझं मत विचाराल तर फी भरा. आणि फुकटचंही सगळं वापरा, कारण अभ्यास त्यानेच सोपा होणार आहे.

आधी मित्राचं बोलणं तपासू. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल २०१७ पासून चालू आहे. कोर्सला नाव नोंदवायला, व्हिडिओ बघायला, आठवड्याच्या असाइनमेंट सोडवायला एक पैसा लागत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. आयआयटीवाल्यांच्या एनपीटेल कोर्सला त्याची फी १,००० रुपये आहे. १०० पैकी २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळाले तरच प्रमाणपत्र. परीक्षेत भरघोस गुण पाडले पण असाइनमेंट बुडवल्या, तर हात हलवत परत. शिफ्टवाल्या माणसाने हे आधीच लक्षात घ्यावं, कारण असाइनमेंटची मुदत तुमची नाइट आहे की फर्स्ट हे बघत नाही.

आणि अशी प्रमाणपत्रं कपाटभर साठवली तरी त्यांची पदवी होत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात (२०१६ च्या नियमात ही मर्यादा २० टक्के होती). पण कधी? तुमचं नाव कुठल्यातरी विद्यापीठाच्या पटावर असेल आणि त्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केला असेल तेव्हाच. पटावर नावच नसेल तर ते गुण जमा कुठे होणार?

आता मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. तिथे बी.कॉम. मराठीतून करता येतं, म्हणजे तुमची इंग्रजीची निम्मी काळजी तिथेच मिटते. तुमच्या फीमधून नोंदणी, पुस्तकं, अभ्यासकेंद्र, परीक्षा आणि शेवटी पदवी मिळते. पुस्तकांबद्दल थोडं सांगतो, कारण त्यांची उगाच हेटाळणी होते. समोर शिक्षक नाही हे धरूनच ती लिहिलेली असतात: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधेमधे स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरं. आमच्याकडे येणारे बहुतेक जण हे प्रश्न ओलांडून पुढे जातात आणि परीक्षेच्या तोंडावर फोन करतात, “सर, आयएमपी काय आहे?” मधले प्रश्न पेन्सिल घेऊन सोडवले तर आयएमपी विचारायची वेळच येत नाही. हे मी रविवारी सांगत असतो, आणि लोक मान डोलावून ‘अपेक्षित’ विकत घ्यायला जातात. असो.

फुकटचं साहित्य कुठे उपयोगी पडतं ते आता सांगतो. पुस्तकातला एखादा भाग डोक्यावरून गेला की तोच भाग दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा. इग्नूचं, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, ई-ज्ञानकोश हे संकेतस्थळ बघा. इग्नूच्या अभ्यासक्रमांचे घटक पीडीएफमध्ये उघडे ठेवलेले आहेत, अनेक विषयांचे हिंदीतही आहेत. इग्नूत प्रवेश नसला तरी वाचायला कोणी अडवत नाही. कॉस्टिंग किंवा इकॉनॉमिक्स मराठी पुस्तकात अडलं की हिंदी घटक उघडा. इंग्रजीपेक्षा ते तुम्हाला खूप जवळचं वाटेल.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स २०१२ पासून कॉलेजची पाठ्यपुस्तकं फुकट देतं, त्यात अकाउंटिंगही आहे. पुस्तक सुरेख आहे, पण जपून. त्यांच्या ताळेबंदात चालू मालमत्ता सगळ्यात आधी येते, रोख रक्कम वर आणि यंत्रं-इमारती खाली. आपल्या कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये आधी भागभांडवल आणि देणी, मग मालमत्ता, आणि त्यातही दीर्घकालीन आधी. एकट्या व्यापाऱ्याचा ताळेबंद तर आपण डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता असाच मांडतो. तुम्ही शिकणार ते व्यापार खातंही त्या पुस्तकात त्या रूपात सापडणार नाही, आणि जीएसटी तर नाहीच. म्हणून संकल्पना समजायला ते वाचा, नमुना मात्र आपल्याच पुस्तकातला ठेवा. नाहीतर उत्तर बरोबर आणि गुण गेले, असं होईल.

खरं तर असं पुस्तक खुल्या परवान्यात असतं ते याचसाठी. परवान्यातल्या अटी पाळून कोणीही शिक्षक ते उचलून, ताळेबंद आपल्या पद्धतीने मांडून, मराठीत करून विद्यार्थ्यांना वाटू शकतो, परवानगीचं पत्र लिहावं लागत नाही. मराठीत वाणिज्याचं असं काम फारच थोडं झालंय, आणि त्यात आम्हा शिक्षकांचा आळस मोठा आहे. टेलिग्रामवर गाइडांचे स्कॅन फिरतात ते या प्रकारात धरू नका. ते नुसतंच चोरलेलं असतं, शिवाय बऱ्याचदा जुन्या अभ्यासक्रमाचं.

मराठीतलं एक काम मात्र मी प्रत्येकाला दाखवतो, आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. दहा मिनिटांच्या आसपासचे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठी आवाजात, आणि तेही खुल्या परवान्यात. लिबरऑफिस कॅल्कची (एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) मालिका घ्या. पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यात स्वतःचं कॅल्क. व्हिडिओतली बाई सांगते, हा सेल (तक्त्यातला चौकोन) निवडा. तुम्ही व्हिडिओ थांबवायचा, तो सेल निवडायचा, जुळलं की पुढे. मेनू इंग्रजीत, समजावणं मराठीत, त्यामुळे कामापुरते इंग्रजी शब्द आपोआप तोंडात बसतात. मोबाइलवर हे जमत नाही, कॉम्प्युटर लागतो. घरी नसेल तर अभ्यासकेंद्र ज्या कॉलेजात आहे तिथली लॅब रविवारी उघडते का ते विचारा.

प्रवेश घेताना फसू नका. ‘एका वर्षात पदवी’ म्हणणाऱ्याकडे फिरकूही नका, दूरशिक्षणातल्या पदवीला नेहमीच्या पदवीइतकीच वर्षं लागतात. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम दुसऱ्या कोणाला फ्रँचायझीवर चालवायला द्यायची विद्यापीठांना मनाई आहे, तेव्हा गल्लीतला क्लासवाला कुठल्या दूरच्या विद्यापीठाचा फॉर्म भरून घेत असेल तर उठून या. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र, तिन्ही गोष्टी यादीत बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून भागत नाही. २०२४ पासून अशा प्रवेशाला डेब आयडी (याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक) लागतो, तो तुमचा तुम्ही काढा, ओटीपी कोणाच्या हातात देऊ नका. आणि दूरशिक्षणातली पदवी कमी दर्जाची मानतात ही भीती सोडा. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. मुलाखतीत खासगी कंपनीचा एखादा साहेब नाक मुरडेल. तिथे तुमचं कॅल्क कामाला येईल.

राहिलं ते टिकून राहण्याचं. २०११ साली स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स जगाला फुकट खुला केला. दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं घातली, शेवटपर्यंत पोचले वीस-बावीस हजार. फुकट गोष्ट सोडताना कोणाला काही वाटत नाही. फी भरलेली असली आणि परीक्षेचं हॉल तिकीट आलेलं असलं की माणूस निदान पुस्तक उघडतो. म्हणून पहिल्या वर्षी स्वयमचा फार तर एक कोर्स घ्या, तोही फर्स्ट शिफ्टच्या महिन्यांत जमेल असा. आणि फॉर्म भरण्याआधी एका रविवारी त्या अभ्यासकेंद्रावर स्वतः जा. संपर्कसत्र, म्हणजे केंद्रावरचा वर्ग, खरंच भरतं की नुसतं सह्यांचं रजिस्टर फिरतं, ते तिथे बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. रजिस्टरच फिरत असेल तर जवळपासचं दुसरं केंद्र निवडा. फॉर्ममध्ये केंद्र तुम्हालाच निवडायचं असतं.