मैदानावरून : संघासाठी मुलं आणायची कुठून?

प्रश्न : मॅडम, पूर्व उपनगरातल्या एका पदवी कॉलेजात मी गेल्या वर्षी क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो. जिमखान्याच्या कपाटात बास्केटबॉलच्या जुन्या ढाली आहेत, पण आताचा मुलांचा संघ इंटरकॉलेजला पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. यंदा १२ नावं दिली होती. सामन्याला ७ जण आले आणि त्यातले दोघं पाच फाउल होऊन सामन्यातून बाद झाले. प्राचार्य म्हणतात, दोन वर्षांत संघ उभा करा, नाहीतर कोर्टाच्या जागी पार्किंग करू. चांगली मुलं टाउनमधली, म्हणजे दक्षिण मुंबईतली, कॉलेजं फी माफ करून घेऊन जातात. आमच्याकडे तेवढा पैसा नाही. मुलं आणायची कुठून?
— एक क्रीडाशिक्षक, भांडुप

उत्तर : सर, आधी प्राचार्यांकडून आणखी एक वर्ष मागून घ्या. आज एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) आलेला मुलगा टीवायला (तिसऱ्या वर्षाला) पोहोचतो तेव्हा कुठे संघ त्याच्याभोवती उभा राहतो. दोन वर्षांची मुदत घेतलीत तर तुम्ही तयार खेळाडूंच्या मागे धावाल, आणि तयार खेळाडू तुमच्याकडे येणार नाहीत. आणखी एक विनंती. जूनमध्ये नोटीस बोर्डावर ट्रायलचा कागद लावून संघ निवडायची पद्धत बंद करा. त्या ट्रायलला येणाऱ्या मुलांना बाकी सगळ्यांनी आधीच पाहिलेलं असतं.

चांगल्या मुलाचं कॉलेज दहावीच्या वर्षातच ठरतं. म्हणून तुमची खरी भरती ज्युनिअर कॉलेजात आहे. अकरावीला घेतलेला मुलगा तुमच्याकडे पाच वर्षं राहतो. दोन वर्षं तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा खेळतो आणि युनिव्हर्सिटीत उतरतो तेव्हा तुमच्या सिस्टिममध्ये मुरलेला असतो. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, व्यवस्थापनाच्या ५ टक्के जागा वेगळ्या. प्राचार्यांकडे फी माफी मागण्याऐवजी त्या ५ टक्क्यांतल्या दोन-तीन जागा दर वर्षी बास्केटबॉलला मिळाव्यात असं मागा. त्यात कॉलेजच्या खिशातून काही जात नाही. आणि मुलाची खेळाची प्रमाणपत्रं पडताळून घ्यायचं काम प्रवेश सुरू होण्याआधी स्वतः त्याच्याबरोबर जाऊन करा. या एका कागदापायी किती मुलं भलत्याच कॉलेजात जाऊन पडतात, ते मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

आता कुठे बघायचं. तुम्ही मनात नागपाडा धरला असेल. धरायलाच हवा. मस्तान वायएमसीए आणि नागपाड्याच्या कोर्टांनी मुंबईला बास्केटबॉल शिकवला. भारताचे कर्णधार झालेले, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. संध्याकाळी जाऊन कठड्याला टेकून उभे राहा, तासाभरात तुम्हाला पाच मुलं आवडतील. पण नागपाड्याच्या मुलाला टाउनमधली कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्याला भांडुपला आणायचं तर सकाळी भायखळ्याहून उपनगराकडे जाणाऱ्या डाउन स्लो गाडीत बसायला जागा मिळते, एवढंच तुमच्या बाजूने आहे.

तुमची मुलं दुसऱ्या दिशेला आहेत. कळवा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ. तिथली शाळेत चांगली खेळणारी पोरं आज टाउनच्या कॉलेजसाठी पहाटे उठतात, दारात लटकून जातात, संध्याकाळी सराव करून तसंच लटकत परत येतात. दुसऱ्या वर्षी त्यातली निम्मी खेळ सोडतात. खेळाचा कंटाळा आलेला नसतो, गाडीने जीव काढलेला असतो. तुमचं कॉलेज त्यांच्या वाटेत निम्म्यावर आहे. पालकांना सांगा की सराव संपवून मुलगा जेवायच्या वेळेला घरी असेल. फी माफीपेक्षा हे वाक्य जास्त काम करतं. मुंबईत खेळाडूची भरती करायची तर हातात लोकलचं टाइमटेबल हवं, असं मी माझ्या प्रत्येक सहायकाला सांगत आले.

आणि घ्यायचं कुणाला? सगळे उंची बघतात. सहा फूट चार इंचाचा मुलगा दिसला की चार कॉलेजं त्याच्या घरी चहा पिऊन येतात. तुम्ही पहिला मुलगा घ्या तो बॉल सांभाळणारा, पॉइंट गार्ड. गेल्या काही वर्षांत पडलेले जे संघ मी पाहिले, ते उंची कमी म्हणून क्वचितच हरले. फुल कोर्ट प्रेस लागला, म्हणजे समोरच्यांनी सगळ्या कोर्टभर अंगावर येऊन अडवलं, की बॉल नियमाच्या आठ सेकंदांत पुढच्या हाफमध्ये नेणारं कुणी नव्हतं म्हणून हरले. असा एक मुलगा मिळाला की बाकीच्या चार सामान्य मुलांचा खेळ तो सुधारतो.

दुसरी जागा शोधायची ती बलाढ्य शाळांच्या बेंचवर. तिथला आठवा-नववा खेळाडू तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून सुरुवातीच्या पाचात खेळेल. त्याला चांगलं कोचिंग मिळालेलं असतं आणि खेळायची भूक शिल्लक असते. घाटकोपरचा एक मुलगा मला असाच मिळाला. एका शालेय सामन्यात तो जेमतेम शेवटची तीन मिनिटं कोर्टावर आला. पहिलाच ले-अप, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन टाकायचा बॉल, डावीकडून डाव्या हाताने टाकला आणि तो रिंगवरून बाहेर पडला. तो डोकं धरून उभा राहिला नाही. वळला, तोंड बॉलकडे ठेवून मागे पळत गेला आणि समोरच्याचा फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट उलटा हल्ला, एकट्याने अडवला. त्या वयाच्या शंभर मुलांत नव्वद जण डाव्या बाजूनेही उजवाच हात वापरतात, आणि चुकल्यावर पंचाकडे बघतात. मी वहीत त्याचं नाव लिहिलं. सामन्याच्या गुणपत्रकात त्याच्या नावापुढे शून्य होतं. पुढे तोच आमचा कर्णधार झाला.

उंच मुलगा हवाच असेल तर व्हॉलीबॉल आणि हँडबॉलच्या मैदानावर जा. अकरावीला उचललात तर पोस्टमध्ये (रिंगजवळ) उभं राहणं, बॉक्स आउट करणं (समोरच्याला अंगाने मागे रोखणं) आणि रिबाउंड (रिंगवरून परत आलेला बॉल) घेऊन गार्डला देणं एवढं दोन वर्षांत नक्की शिकवता येतं. पाया नाही म्हणून घाबरू नका. पंजाबातल्या बल्लोके गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत गेला तो उंचीमुळेच, आणि २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याला अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या, एनबीएच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडलं. एनबीएने ड्राफ्टमध्ये घेतलेला तो पहिला भारतीय.

मुलगा आला, आता तो टिकायला हवा. माझं सगळं आयुष्य ज्यात गेलं ते काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भिलाईच्या राजेश पटेल सरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पोलाद कारखान्याच्या गावातल्या या प्रशिक्षकाने छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतल्या मुली आणल्या, त्यांना आपल्या घरी ठेवून खाऊपिऊ घातलं, शिकवलं, आणि त्या मुली भारताकडून खेळल्या, रेल्वेत नोकरीला लागल्या. २०१८ मध्ये ते गेले. पुढच्या मुलीचे आईवडील त्यांच्याकडे मुलगी पाठवत, कारण आधीच्या मुलीचं काय झालं ते त्यांनी पाहिलेलं असे. तुमची सगळी भरती शेवटी यावर चालणार आहे. पहिल्या वर्षीच्या चार मुलांना तुम्ही कसं सांभाळता, ते तिसऱ्या वर्षीच्या मुलांना डोंबिवलीच्या कोर्टावर कळलेलं असतं.

सांभाळायला लाखो रुपये लागत नाहीत. सरावानंतर दोन उकडलेली अंडी, केळी, मूठभर भिजवलेले चणे. कॅन्टीनवाल्याशी बोला, माजी विद्यार्थ्यांपैकी एखादा वर्षाचा खर्च आनंदाने उचलतो. सिमेंटच्या कोर्टावर बुटाचा तळवा काही महिन्यांत गुळगुळीत होतो, तेव्हा किटच्या बजेटमधून ट्रॅकसूट वगळा आणि बूट घ्या. सगळ्यांत महत्त्वाची हजेरी. ७५ टक्क्यांचा नियम आहे आणि संघाचे सामने नेमके लेक्चरच्या वेळेत असतात. सीझन सुरू होण्याआधी प्रत्येक विभागप्रमुखाला खेळाडूंची नावं आणि सामन्यांच्या तारखा लेखी द्या आणि सामना झाला की त्याच आठवड्यात हजेरीचं पत्र स्वतः नेऊन द्या. मुलावर सोडू नका. मुलगा लाजतो, पत्र बॅगेत राहतं, आणि सेमिस्टरच्या शेवटी त्याचं नाव डिफॉल्टरच्या यादीत लागतं. केटी लागून (विषय राहून) बसलेला मुलगा घरच्यांच्या दबावाने आधी खेळ सोडतो.

पावसाळ्याचाही विचार आत्ताच करा. जून ते सप्टेंबर तुमचं उघडं कोर्ट शेवाळलेलं असणार आणि नवा संघ बांधायचे महिने नेमके तेच. जवळपासच्या एखाद्या शाळेचा हॉल आठवड्यातून दोन सकाळी मागून घ्या. उरलेले दिवस कॉरिडॉरमध्ये दोन बॉलनी ड्रिबलिंग, जिन्यावर पायांचं काम. रिंग नसली तरी गार्ड घडतो.

पालक एकच गोष्ट विचारतील, नोकरी लागेल का? खरं सांगा. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे खेळाडूंची भरती करते, पण त्यासाठी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते आणि इंटरकॉलेज खेळणाऱ्या बहुतेक मुलांची ती नसते. मी प्रत्येक घरात एवढंच सांगत आले की तुमचा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेल, ती जबाबदारी माझी. ज्यांना त्यापेक्षा मोठं आश्वासन हवं होतं ते दुसरीकडे गेले. जाऊ द्यावेत.

प्रश्न : ताई, नातू अमेरिकेत शिकतो. तो सांगतो, तिथले कॉलेज खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलतात, पैसेही मिळवतात आणि प्रशिक्षक एका उन्हाळ्यात अख्खा संघ नवा करतात. आपल्याकडे असं झालं तर पडलेले संघ लवकर उभे राहतील का?
— एक निवृत्त वाचक, दादर

उत्तर : काका, नातू बरोबर सांगतो. तिथे २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आहे, २०२१ मध्ये पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसवण्याची अट गेली आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ पासून तर कॉलेजं थेट पैसे देतात. याचा उपयोग झालेला दिसतो. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सला रिक पिटिनो २०२३ मध्ये आले, पोर्टलमधून खेळाडू जमवले आणि २०२५ मध्ये त्या संघाने बिग ईस्ट लीग एकट्याने जिंकली. असं त्यांना १९८५ नंतर जमलं नव्हतं.

पण मला विचाराल तर माझं मन डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलिनाकडे जातं. २००८ मध्ये त्यांनी तो मुलींचा संघ हाती घेतला आणि पहिल्या मोसमात १० सामने जिंकले, १८ हरले. त्यांनी आजूबाजूच्या शाळांतल्या मुली गोळा करायला सुरुवात केली. २०१४ मध्ये देशातली सर्वोत्तम मानली गेलेली शाळकरी खेळाडू, एजा विल्सन, त्याच भागातली होती. तिला कुठेही जाता आलं असतं, ती घराजवळ राहिली. २०१७ मध्ये संघ राष्ट्रीय विजेता झाला. नऊ वर्षं लागली. पुढे २०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा, त्यातल्या २०२४ च्या मोसमात एकही सामना न हरता. आपल्या कॉलेजांकडे पैसे वाटायला नाहीतच, पण घराजवळची मुलगी घराजवळ राखणं आपल्याला आजही जमण्यासारखं आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे, पाच फूट नऊ इंच उंच, शाळेच्या संघाची सेंटर (रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू). दोन कॉलेजांमधून फोन आले. एकजण म्हणतात, आर्ट्सला घ्या, फी पूर्ण माफ, सरावाला वेळ मिळेल. तिला सायन्स हवं आहे. तिच्या बाबांना फी माफीचा मोह होतोय. काय करू?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तिला सायन्सला घाला. खेळासाठी शाखा बदलायला सांगणारा माणूस स्वतःच्या दोन मोसमांचा विचार करतो आहे. सायन्सच्या मुली खेळतात, प्रॅक्टिकलच्या दिवशी सराव उशिरा ठेवावा लागतो इतकंच. प्रशिक्षकांना विचारा, ते तसा ठेवतील का.

फोनवर हो म्हणू नका. दोन्ही कॉलेजांत मुलीला घेऊन जा आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या खेळाडू मुलीशी, सर किंवा मॅडम जवळ नसताना, बोला. गेल्या दोन वर्षांत कुणाच्या गुडघ्याला दुखापत झाली का, एमआरआयचा खर्च कुणी केला आणि त्या मुलीची फी माफी पुढच्या वर्षी चालू राहिली का, एवढं विचारा. मुलींमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं आणि सेंटर खेळणारी मुलगी रिबाउंडला सारखी उडी मारून गर्दीत उतरते. दुखापतीनंतरही सवलत राहील, हे कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर फी माफी धरून घरचा हिशोब मांडू नका. आणि निवड करताना मुलीच्या बाबांना बरोबर न्या. सरावानंतर कोर्टावरून स्टेशनपर्यंतचा रस्ता संध्याकाळी त्यांनी स्वतः चालून पाहावा.