कोकणातून सोलापुरात बदली झाली आहे. लहान मुलगी आणि आई-वडील सोबत असतात. इथल्या हवेला कारची काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून बदली होऊन आलात, गाडी सहा वर्षांची हॅचबॅक आहे, टायर कंपनीतून आलेलेच आहेत पण ग्रिप चांगली दिसते. घरात तुम्ही नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि आई-वडील. सुट्टीला तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, मधूनमधून पुणे. आणि शेजारी म्हणतात, उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवा. माझं सोलापुरात टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणात गाडीला पाऊस आणि गंज खातो, इथे ऊन खातं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या आसपास असतो, कधी त्याच्याही वर जातो, आणि दुपारचं डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. म्हणून सोलापुरात गाडीची मोठी तयारी पावसाळ्याच्या तोंडावर नाही, गुढीपाडव्याच्या आत करायची.

हवा कमी ठेवायचा सल्ला अजिबात ऐकू नका. असं सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला घातक आहे. टायर तापला की आतली हवा फुगते, साधारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो. हे गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. खरा त्रास उलट बाजूने होतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, उघडते, पुन्हा दबते. त्यातून जी उष्णता तयार होते तिने रबर आणि आतले धागे सुटत जातात. हवा कमी ठेवून लांब पळवलेला टायर रिमवरून काढला की आतून काळा भुसा सांडतो, मूठभर सुद्धा निघतो. बाहेरून तो टायर धडधाकट दिसत असतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘अहो, ग्रिप तर नवी आहे.’ मी त्याला आतल्या कडेवर बोट फिरवायला सांगतो. तिथे रबर खरवडून गेलेलं असतं आणि दोरे हाताला लागतात. असा टायर ऐन महामार्गावर फुटतो.

तेव्हा हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा दाराच्या आतल्या कडेवर स्टिकर असतो, त्यावर असतं. बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. तुम्ही पाच जण आणि डिकीत सामान असेल तर दुसरा आकडा धरायचा. वाटेत थांबून गरम टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडायची नाही, थंड झाल्यावर ती कमी भरते. नायट्रोजन भरलात तर बिघडत काही नाही, पण त्याच्या भरवशावर तपासणी सोडू नका. स्टेपनीची हवा बघायला मात्र सगळे विसरतात.

आता तुमचे सहा वर्षांचे टायर. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कायद्याने कारच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही, पण सोलापुरात नक्षीपेक्षा वय आधी बघा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होतं, बाजूला केसासारख्या चिरा पडतात. चिरा दिसत असतील किंवा कुठे फुगा आला असेल तर ग्रिप कितीही असो, बदलून टाका. चिरा नसल्या तरी सहा वर्षं झालेल्या टायरवर मी माझ्या घरच्यांना मे महिन्यात पुण्याला पाठवणार नाही. चारही एकदम जमत नसतील तर दोन घ्या आणि नवे दोन मागे लावा. मागचा टायर घसरला की गाडी सावरणं फार अवघड जातं.

कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी घालू नका. इकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरा. तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो. भरलेली गाडी, एसी फुल्ल, गिअर खालचा आणि दुपारचं ऊन, अशा वेळी तापमानाचा काटा बघत राहा. वर सरकायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि जागा मिळेल तिथे बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आत वाफ दाबून बसलेली असते, तोंड-हात भाजतात. उतरताना गाडी न्यूट्रलला सोडू नका, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरवा. बॅटरीचंही तसंच, तिला थंडीपेक्षा ऊन लवकर मारतं. तीन-चार वर्षं झाली असतील तर पाडव्याला तपासून घ्या.

मुलीबद्दल. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. ‘झोपलीय, झोपू दे, दोन मिनिटांत प्रसाद घेऊन येतो’ हे कधीही करू नका, एसी चालू ठेवूनही नाही. आणि घरी उभ्या गाडीची चावी मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, खेळता खेळता मुलं आत जाऊन अडकतात. उन्हात लावलेल्या गाडीत बेल्टचा धातूचा खटका चटका देतो. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, एक जाड टॉवेल तिच्या सीटवर झाकून ठेवा आणि बसवण्याआधी खटक्याला स्वतः हात लावून बघा. चाइल्ड सीट मागेच हवी. आजी-आजोबांच्या मांडीवर बसवलेलं मूल अचानक ब्रेक लागला तर हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. मागे बसलेल्या आजी-आजोबांनाही बेल्ट लावायला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंड हा त्यातला सगळ्यात छोटा भाग.

पावसाचं तुम्हाला मी काय सांगणार. एवढंच की उन्हाळाभर तापून वायपरचं रबर इथे पार वाळतं, मृगाच्या आत बदला. इकडची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना लागून रस्त्यावर येते आणि पहिल्या सरीत साबणासारखी होते, शेतवाटा महामार्गाला मिळतात तिथे वेग कमी करा. इथे मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा पुणे महामार्गावरची वाहतूक लांबोटीजवळ थांबवावी लागली होती. पुलावरून पाणी वाहत असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, आत पाणी गेलेलं असेल तर इंजिनच्या आतले दांडेच वाकतात.

आता जे कोकणातून आलेल्या माणसाला इथे कुणी सांगत नाही, ते. दिवाळीच्या आसपास साखर कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत उसाचा हंगाम चालतो. गाडीच्या तब्येतीला इथे ऊन वाईट, पण माणसांच्या जिवाला मी हा काळ जास्त भितो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचे दिवे नसलेले, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याच्या पाल्याने, झाकलेला. पुढचा ट्रॅक्टर पार लांब असतो, मागची ट्रॉली अंधारात. कधी ट्रॉलीचा टायर बसतो आणि ती रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहते, मागे नुसते चार दगड लावलेले. ट्रॉली गेली तरी दगड तिथेच पडून असतात.

हिशोब करून बघा. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. लो बीमचा उजेड ढोबळमानाने ५० मीटर पोचतो. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३० मीटर संपतात, आणि त्यानंतर गाडी थांबायला तेवढेच किंवा जास्त लागतात. म्हणजे काळी ट्रॉली दिसल्यावर थांबणं होतच नाही. म्हणून हंगामात पंढरपूर, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्यावर अंधार पडायच्या आत घरी या. येताच आलं नाही तर ६० च्या आत चालवा, समोरून कुणी नसेल तेव्हा हाय बीम वापरा आणि पुढची काच आतूनही पुसून ठेवा. आतल्या धुळीवर समोरचा लाइट पडला की काही दिसत नाही.

वारीच्या दिवसांत पहाटे रस्त्याच्या कडेने माणसं चालत असतात. आषाढीला शेगावची गजानन महाराजांची पालखी तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा या वाटेने जाते, आणि कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला रात्रभर लोक पायी जातात. त्या रात्री त्या रस्त्याने गाडी न्यायचं कामच नाही.

पुण्याला जायचं तर साधारण अडीचशे किलोमीटर आहेत. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघा, पण रात्री नीट झोप झाली असेल तरच. जेवून दुपारी दोनला निघू नका. मोहोळपासून पुढे रस्ता सरळ आहे, उन्हात एसीमध्ये डोळा लागतो. टेंभुर्णी किंवा भिगवणला उतरून चहा घ्या, टायरवरून एकदा नजर फिरवा. महामार्गावर गाडी बंद पडली तर ती डाव्या कडेला घ्या, त्रिकोण मागे ५० मीटरवर ठेवा, आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. मदतीला १०३३, अपघात असेल तर ११२ किंवा १०८. हे तिन्ही नंबर वहिनींच्या आणि बाबांच्या फोनमध्येही टाकून ठेवा.